हातमोज्यातली सुरळी

आईने उजवा हातमोजा घातला आणि लगेच उपसून बाथरूमच्या दुसऱ्या कोपऱ्यात भिरकावला.

"आत काहीतरी आहे," ती म्हणाली. "मधल्या बोटात."

मी शूर आहे, असं गेले चार महिने मीच सगळ्यांना सांगत सुटले असल्यामुळे तो उचलायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी दोन बोटांच्या चिमटीत तो पिवळा रबरी हातमोजा धरला, लांब धरून झटकला. पाल पडली नाही, झुरळही पडलं नाही. मग मधलं बोट बाहेरून दाबत दाबत वर आणलं, टूथपेस्टची शेवटची पेस्ट काढतात तसं, आणि आतून एक सुरळी टपकन फरशीवर पडली. नोटांची. पेन्सिलीच्या तुकड्याएवढी बारीक, घट्ट, वर लाल रबरबँड.

आई उपड्या बादलीवर बसली.

"आता हातमोज्यात," ती म्हणाली, आणि पुढे काहीच नाही.

आमच्या आईचं गणित सोपं आहे. रागावली की ती बोलते. जास्त रागावली की भांडी घासते. गप्प बसली की समजायचं, पाणी डोक्यावरून गेलंय. ती त्या बादलीवर किती वेळ गप्प बसली माहीत नाही, पण नळ टपकत होता आणि मी सदतीस थेंब मोजले.

आता जरा मागे जाते, नाहीतर तुम्हाला वाटेल की हातमोज्यात पैसे सापडल्यावर कुणी एवढं तोंड पाडतं का.

माझी आई लोकांची घरं साफ करते. सहा घरं, सोमवार ते शनिवार, एका दिवसाला एक. तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं. तुम्ही आईला फरशी पुसताना पाहिलेलं नाही. ती दाराकडे पाठ करून मागे मागे येते, एकही पट्टा दोनदा पुसत नाही आणि एकही सोडत नाही, आणि शेवटी अशी उंबऱ्याबाहेर येऊन उभी राहते की तिचं स्वतःचं पाऊलही मागे उमटलेलं नसतं. शाळेला सुट्टी लागली की मी तिच्याबरोबर जाते. मला फक्त खालच्या दोन फळ्यांची धूळ पुसायला मिळते. वरच्या फळ्यांसाठी माझी अजून तेवढी योग्यता नाही म्हणे.

ही योग्यतेची गोष्ट मला जरा लागते. कारण गेल्या वर्षापर्यंत मी वर्गात हजेरीला "हजर" म्हणायचे तर बाईंना ऐकूच जायचं नाही, आणि मी बाकावर बसलेली असून माझी गैरहजेरी लागायची. मग या वर्षी वादविवाद स्पर्धेत ऐनवेळी एक मुलगी आजारी पडली, मला ढकलून पुढे उभं केलं, आणि मी बोलले. बोलले ते बोललेच. घंटा वाजली तरी थांबेना. ढाल मिळाली. तेव्हापासून आई मला वकीलसाहेब म्हणते, आणि ते कौतुक असतं असं नेहमीच नाही.

तर गुरुवारचं घर ग्रंथपालांचं. उंच, वाकलेले, आवाज असा की कान पुढे न्यावा लागतो. जन्मभर वाचनालयात राहून माणसाचा आवाजच झिजला असावा. ते दीड महिन्यापूर्वी त्या घरात राहायला आले आणि त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा घर पुसायला कुणाला तरी बोलावलं. पहिल्या दिवशी त्यांनी आईला किल्ली दिली, सगळं कुजबुजत समजावलं, दोनदा नमस्कार केला आणि जे कामावर गेले ते आजतागायत आम्हाला दिसलेले नाहीत. आई जाते तेव्हा ते वाचनालयात असतात.

आईला ते घर फार आवडायचं. आमच्यापासून पायी दहा मिनिटांवर. चारी भिंतींना पुस्तकं. "या घरातली धूळसुद्धा सभ्य आहे," ती म्हणायची. "उडत नाही, बसून राहते."

आणि मग दुसऱ्या आठवड्यात ते सुरू झालं.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर, साखरेच्या डब्याखाली एक नोट. आईने डबा उचलला, नोट उचलली, टेबल पुसलं, नोट होती तिथे ठेवली, वर डबा ठेवला. तिच्या धंद्यातला हा पहिला नियम. तिला काम शिकवणाऱ्या मावशीने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, दुसऱ्याच्या घरात पडलेला पैसा म्हणजे निखारा, त्याखालची जागा पुसायची पण त्याला खिशात घालायचं नाही.

तिसऱ्या आठवड्यात डब्याखाली दोन नोटा. आईने पुसलं, ठेवलं. चौथ्या आठवड्यात तीन, आणि त्या टेबलावर नाही, तर कपडे धुवायच्या मशीनवर, वर एक गुळगुळीत दगड. आईने दगडसुद्धा पुसला. पाचव्या आठवड्यात बादलीत. खरंच बादलीत. प्लास्टिकच्या पिशवीत चार नोटा, ओल्या होऊ नयेत म्हणून गाठ मारलेली.

"बादलीत पैसे कोण ठेवतं गं?" त्या दिवशी घरी येऊन आईने मला विचारलं होतं.

"ज्याला तू ते घ्यावेस असं वाटतं तो."

"तेच. दर गुरुवारी एक पाऊल जवळ. आणि दर वेळी एक नोट जास्त. मांजराला बोलवतात तसं."

तुम्हाला वाटेल आई संशयी आहे. ती नाही. पण तिचं अगदी पहिलं घर होतं संगमरवरी मॅडमचं. पांढरीशुभ्र फरशी, आणि मॅडम मागून बोट फिरवत यायच्या. त्या घरात पहिल्याच दिवशी गालिच्याखाली एक नाणं निघालं होतं. आईने ते नेऊन दिलं, तर मॅडम हसून म्हणाल्या, "पास झालात. मी सगळ्यांना ठेवते. गालिचा उचलून झाडता का तेही कळतं, आणि माणूस कसा आहे तेही." एका नाण्यात दोन परीक्षा. आई पास झाली आणि महिनाभरात ते घर सोडलं. "मला नापास करणाऱ्यांचा राग येत नाही," ती म्हणते, "न विचारता परीक्षा घेणाऱ्यांचा येतो."

मजा म्हणजे त्याच मॅडम आता परत मागे लागल्या होत्या. त्यांना कुणी टिकत नाही. त्यांना फक्त रविवारच हवा होता. आठवडाभर आई "बघते, बघते" करून टोलवत होती. शेवटी मॅडमनी सांगितलं होतं, गुरुवारी दुपारी दोनला फोन करते, हो की नाही ते तेव्हा सांगा, नाहीतर माझ्याकडे दुसरी आहे.

तर आता तुम्हाला सगळं कळलं. हे घर सोडलं तर गुरुवार रिकामा, आणि रिकामा गुरुवार आम्हाला परवडत नाही. म्हणजे रविवार द्यावा लागणार. रविवार हा एकच दिवस आई उजाडल्यावर उठते. खिडकीतलं ऊन तिच्या पायांपर्यंत येईस्तोवर ती लोळते, मी तिच्या उशाला बसून अख्ख्या आठवड्याचं सांगते, कोण काय म्हणालं, मी काय म्हणाले, मी आणखी काय म्हणायला हवं होतं. घरात आम्ही दोघीच. ते ऊन मॅडमच्या पांढऱ्या फरशीला द्यायचं, हे मला अजिबात मान्य नव्हतं.

थेंब अडतिसावा. आई बादलीवरून उठली.

"बस झालं," ती म्हणाली. "हे शेवटचं."

"आई, थोडं थांबून विचार कर. रविवार—"

"माझ्या हातमोज्यात हात घातला त्यांनी. टेबल त्यांचं, बादली त्यांची, पण हातमोजा माझा आहे, इथे ठेवून जाते म्हणून काय झालं. उद्या म्हणतील, बघा, हिच्याच मोज्यात सापडले. कर नाही त्याला डर नाही, ठीक आहे, पण मी दर गुरुवारी कोर्टात उभं राहायला येत नाही."

मग तिने उघड्या हातांनी बाथरूम घासलं. राग आल्यावर ती इतकं सुंदर घासते की त्या घरच्यांनी तिला अधूनमधून चिडवावं असं मला वाटतं. सगळं झाल्यावर तिने ती सुरळी घेतली, रबरबँड घट्ट केला, आणि ब्रशच्या दांड्याने हातमोज्याच्या मधल्या बोटात होती तेवढीच खोल ढकलली. हातमोजा आपला असूनही तो तिथेच ठेवला. मग मला म्हणाली, "कागद घे. माझे हात ओले आहेत."

मी लिहिलं. तिने सांगितलं ते असं:

सर, आजपासून तुमचं काम सोडते आहे. घर स्वच्छ आहे. पैसे जिथे होते तिथेच आहेत. किल्ली दाराच्या फटीतून आत टाकते. नमस्कार.

"वाच," आई म्हणाली. मी वाचलं. "छान. ठेव टेबलावर."

ती एप्रन टांगायला गेली. आणि मी कागदाकडे बघत राहिले. इतका अन्याय आणि इतकी सभ्य चार-पाच वाक्यं? यात मुद्दा कुठे आहे? वादविवादाच्या बाई म्हणतात, शेवटचं वाक्य असं हवं की समोरच्याने रात्री उठून पाणी प्यायला पाहिजे. म्हणून मी खाली लिहिलं:

ता. क. सापळा उंदरासाठी लावतात. आम्ही उंदीर नाही. आणि आम्ही चोर असतो तर दुसऱ्याच आठवड्यात साखरेच्या डब्यासकट नेलं असतं. माणसं ओळखायला पुस्तकं पुरत नाहीत.

लिहून इतकं बरं वाटलं की मी खाली एक रेघसुद्धा ओढली. कागद साखरेच्या डब्याखाली ठेवला, आम्ही बाहेर आलो, आईने कुलूप लावलं आणि किल्ली फटीतून आत टाकली. आत फरशीवर ती खण्णकन वाजली.

"दोनची वाट न बघता मॅडमना इथूनच फोन करणार?" मी म्हणाले. "मी करू नको म्हणतेय."

"एकाच्या दारात उभं राहून दुसऱ्याशी सौदा करायचा नाही. कोपऱ्यावर जाऊन करते." आई कोपऱ्यापर्यंत गेली, पिशवीत हात घातला, मग दुसऱ्या कप्प्यात घातला, मग सगळी पिशवी उलटी केली. मग माझ्याकडे बघितलं.

"एप्रनमध्ये," ती म्हणाली.

फोन एप्रनच्या खिशात. एप्रन दाराच्या मागे. दाराला कुलूप. किल्ली आत.

मी हसले नाही. हे मी अभिमानाने सांगते. मी फक्त बुटाची नाडी बांधायला वाकले आणि बराच वेळ वाकूनच राहिले.

"उठ, वकीलसाहेब," आई म्हणाली. "वाचनालय कुठे आहे ते माहीत आहे ना?"

वाचनालयात आम्ही पोचलो तेव्हा एक वाजायला आला होता. मोठा हॉल, लांब टेबलं, आणि शांतता अशी की माझे बूट वाजले तर मलाच माझी लाज वाटली. ग्रंथपाल काउंटरमागे कार्डं लावत होते. आईला बघितल्याबरोबर ते उठून उभे राहिले आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. मी मनात म्हटलं, बघा, खाई त्याला खवखवे.

आता आई भांडते तेव्हा तिचा आवाज शेजाऱ्यांच्या पुढच्या शेजाऱ्यांपर्यंत जातो. इथे तिला ते सगळं कुजबुजत करावं लागलं. हत्तीला बरणीत बसवल्यासारखं.

"सर, दुसरी किल्ली द्या," आई कुजबुजली. "माझा फोन आत राहिलाय."

"देतो, देतो." ते खिसे चाचपायला लागले. मग मान खाली घालून म्हणाले, "ताई, ते… हातमोज्यातलं मिळालं का?"

"मिळालं. परत होतं तिथे ठेवलंय. मोजून घ्या."

"मोजायचं काय त्यात. कमीच असणार, मला कळतंय ते."

"कमी असणार कसे? मी एकाला हात लावलेला नाही."

"तेच म्हणतोय मी, ताई. हात लावावा असं तुम्हाला वाटलंच नाही. म्हणून तर दर वेळी वाढवत गेलो."

"मला मोहात पाडायला?"

"मोहात?" ते इतके दचकले की चार कार्डं खाली पडली.

"श्श," कुणीतरी म्हणालं. पलीकडच्या टेबलावर एक आजोबा वर्तमानपत्र पसरून बसले होते, चष्म्यावरून आमच्याकडे बघत.

आई आणखी पुढे वाकली. "मी वीस वर्षं घरं साफ करते. मला अशी परीक्षा द्यायची सवय आहे. पण पाच पाच आठवडे कुणी घेतलेली नाही."

"कसली परीक्षा, ताई? मला खरंच कळत नाही."

आणि तिथे माझ्या डोक्यात काहीतरी टकटकलं. मी दोघांकडे आळीपाळीने बघितलं. दोघंही खरं बोलत होती, आणि दोघंही एकमेकांशी नाही, भलत्याच कुणाशी तरी बोलत होती. वादविवादात असं झालं की अध्यक्ष उठून विचारतात, विषय काय आहे.

"काका," मी म्हणाले, "ते पैसे कुणाचे आहेत?"

"म्हणजे? ताईंचे."

"कधीपासून?"

"पहिल्या नोटेपासून. साखरेच्या डब्याखालच्या." ते गोंधळून आईकडे बघायला लागले. "टीप म्हणून. काम इतकं छान होतं. मला वाटलं, एक नोट बघून तुमचा अपमान झाला असेल, म्हणून दोन केल्या. त्याही राहिल्या. मग वाटलं दिसतच नसतील, म्हणून हाताजवळ ठेवत गेलो. तुम्ही दर वेळी पुसून परत ठेवायच्या. दगडसुद्धा पुसला होता. मला रात्री झोप येईना."

आईने काउंटरची कड धरली, पायरी चुकल्यावर धरतात तशी.

"मग तोंडाने सांगायचं की," आजोबा वर्तमानपत्रामागून म्हणाले.

"श्श," ग्रंथपाल सवयीने म्हणाले, आणि मग त्यांनाच वाईट वाटलं. ते झटकन मागच्या कपाटाकडे गेले आणि एक जाडजूड पुस्तक घेऊन आले. घरगुती शिष्टाचाराचं. त्यात खुणेची चिठ्ठी होती. त्यांनी बोट ठेवून वाचलं, अर्थात कुजबुजत: "घरकामास येणाऱ्या व्यक्तीस बक्षिशी हातात देऊ नये, तिला संकोच वाटतो. सहज सापडेल अशा जागी ठेवावी. न स्वीकारल्यास रक्कम अपुरी आहे असे समजावे."

"हे कुणी लिहिलंय?" आईने विचारलं.

"एका मोठ्या विद्वानांनी."

"त्यांचं घर कोण पुसायचं?"

ग्रंथपालांनी पुस्तक उलटून मागचं पान पाहिलं, जणू तिथे लिहिलेलं असेल. "तसं काही दिलेलं नाही."

"सर, पुस्तकाला विचारलंत," आई म्हणाली. आता ती कुजबुजतही नव्हती आणि ओरडतही नव्हती. "मला नाही विचारलंत."

त्यांनी पुस्तक मिटलं. हॉलमध्ये सगळ्यांनी वाचणं थांबवलं होतं, फक्त सगळे पानाकडे बघत होते.

"चला," ते म्हणाले. "तसंही माझी जेवणाची सुट्टी होतेय. दार उघडून देतो."

रस्त्यात ते दोन पावलं पुढे, आई मागे. मी आईच्या कानाशी लागले, "मग आता नाही ना सोडणार?"

"बघते."

"आई, त्यांनी सापळा लावला नव्हता, त्यांनी तर…" आणि तिथे मी थबकले. सापळा. रेघ ओढलेला सापळा, साखरेच्या डब्याखाली.

तुम्हाला कधी स्वतःच्या हस्ताक्षराची भीती वाटली आहे का? मला त्या रस्त्यावर वाटली. आईने विचार सुरू केला होता, मला तिच्या चालीवरून कळत होतं. हा भला माणूस ते वाचणार, माणसं ओळखायला पुस्तकं पुरत नाहीत हे वाचणार, आणि म्हणणार, ठीक आहे, ताई, तुमची मर्जी. आणि रविवार गेला. मॅडमच्या परीक्षेमुळे नाही, ग्रंथपालांच्या पुस्तकामुळे नाही. माझ्या ताज्या कलमामुळे.

मी चालीचा वेग वाढवला. त्यांच्या पुढे गेले. दारापाशी पहिली पोचले. त्यांनी दार उघडलं तशी मी त्यांच्या काखेखालून आत घुसले, फरशीवरची किल्ली पायाने उडाली, मी स्वयंपाकघरात शिरले. पण ज्या माणसाने चाळीस वर्षं कागद हाताळलेत त्याच्याशी कागदासाठी शर्यत लावू नये. मी डबा उचलेपर्यंत त्यांचे लांब हात माझ्या डोक्यावरून आले आणि चिठ्ठी वर गेली.

"माझ्यासाठी आहे का?"

"हो," मी म्हणाले. "म्हणजे नाही. म्हणजे अर्धी."

त्यांनी वाचली. ओठ हलत होते. आई दारात उभी होती, तिला वाटत होतं की आपलीच पाच वाक्यं आहेत, म्हणून ती जमिनीकडे बघत होती. मग त्यांचे ओठ अजून हलत राहिले आणि तिने वर बघितलं. पाच वाक्यांना इतका वेळ लागत नाही.

"खाली काय आहे?" आईने विचारलं.

त्यांनी मोठ्याने वाचलं. उंदीर, साखरेचा डबा, सगळं. घरात पहिल्यांदाच त्यांचा आवाज नीट ऐकू आला, आणि तो माझीच वाक्यं घेऊन आला.

"हे मी सांगितलेलं नाही," आई म्हणाली. माझ्याकडे बघितलं नाही. ते बघण्यापेक्षा वाईट होतं.

मला पळायची फार इच्छा झाली. गेल्या वर्षीची मी असते तर खरंच टेबलाखाली गेले असते. पण एवढी ढाल मिळवून टेबलाखाली जायचं म्हणजे काय.

"मी लिहिलं," मी म्हणाले. "आईला माहीत नव्हतं. मला वाटलं तुम्ही वाईट आहात, आणि मला वाटलं की वाईट माणसाला वाईट वाटलं पाहिजे. तुम्ही वाईट नाही. माफ करा, काका. पण आईला माझ्यामुळे जाऊ देऊ नका. ती गेली तर तिला रविवारी काम करावं लागेल, आणि तिला एकच रविवार आहे."

"ए," आई म्हणाली. "आपल्या घरातलं…"

"मग कुणी सांगायचं? तू सांगत नाहीस, ते विचारत नाहीत. सगळे साखरेच्या डब्याखाली ठेवून जातात."

ग्रंथपालांनी चिठ्ठी नीट घडी केली. मला वाटलं फाडतील. त्यांनी ती वरच्या खिशात ठेवली.

"शेवटचं वाक्य बरोबर आहे," ते म्हणाले. "त्या पुस्तकात चिकटवून ठेवीन. त्या पानावर." मग आईकडे वळले. "ताई, तुम्हीच सांगा. कसं द्यायचं असतं?"

आईने पदराला हात पुसले, कोरडे असूनही. "हातात द्यायचं. आणि कशाबद्दल ते तोंडाने सांगायचं. नुसती नोट बोलत नाही, सर."

"कशाबद्दल," ते म्हणाले आणि विचारात पडले. इतका वेळ की मला वाटलं आता परत पुस्तक आणायला जातात. मग म्हणाले, "मी वाचता वाचता पुस्तक पालथं ठेवतो. खाटेवर, खुर्चीवर, कुठेही. वाईट सवय आहे, वाचनालयात मी यासाठी लोकांना रागावतो. तुम्ही ते उचलता, खालची धूळ पुसता, आणि परत त्याच पानावर पालथं ठेवता. एकदाही पान चुकलेलं नाही. मी दर गुरुवारी घरी येऊन आधी तेच बघतो."

आईच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. मी तिला सोळा वर्षं ओळखते, हे मला नवीन होतं.

"बोट घालून ठेवते मधे," ती म्हणाली. "पुसेपर्यंत. एका हाताने पुसायचं. जमतं."

ते बाथरूममध्ये जाऊन हातमोजा घेऊन आले आणि सुरळी काढायची खटपट करायला लागले. मी टूथपेस्टची पद्धत दाखवली. सगळ्या नोटा सरळ करून त्यांनी दोन्ही हातांनी आईपुढे धरल्या.

आईने त्यातली एक घेतली.

"बाकीच्या?" ते म्हणाले.

"त्या तुम्ही घाबरून वाढवल्यात. भीतीचे पैसे मी घेत नाही. पान न चुकल्याचे घेतले." तिने नोट घडी करून कमरेला खोचली. "आणि दर आठवड्याला नको. वाटेल तेव्हा. न वाटलं तर तेही सांगा."

"सांगीन," ते म्हणाले, आणि घशातला आवाज जरा वर काढून परत, "सांगीन."

तेवढ्यात दारामागचा एप्रन वाजायला लागला. दोन वाजले होते. आईने खिशातून फोन काढला, आमच्या दोघांकडे पाठ केली. मॅडमचा आवाज मात्र सगळ्या घराला ऐकू येत होता, त्यांना कुणी कधी श्श केलेलं नसावं.

"हो, मॅडम… नाही. नाही जमणार… नाही, पैशांचं नाही… तुम्ही वाढवून देताय ते ऐकलं मी… अहो, दुसरं घर नाही धरलं… रविवारी?" आई थांबली. मी तोंड उघडलं, ग्रंथपालांनी ओठांवर बोट ठेवलं, मी तोंड मिटलं.

"रविवारी मी काही करत नाही, मॅडम," आई म्हणाली. "हो. अख्खा दिवस. काहीच नाही. तुमची ती दुसरी आहे ना, तिला बोलवा. आणि गालिच्याखाली काही ठेवणार असाल तर आधी सांगून ठेवा तिला. विचारलं की माणसं खरं सांगतात."

फोन या वेळी पिशवीत टाकून ती वळली. ग्रंथपाल स्वयंपाकघरात तिघांसाठी चहाचे कप शोधत होते आणि त्यांना त्यांच्याच घरातले कप सापडत नव्हते.

"वरच्या फळीवर, डावीकडे," आई म्हणाली. मग माझ्याकडे बघून, "काढ गं. पुसून दे."